सीकोल यांच्या पुतळ्यावरील आक्षेपांना उत्तर

क्रिमियाच्या युद्धात ब्रिटिश सैनिकांची शुश्रूषा करणाऱ्या जमैकन-ब्रिटिश परिचारिका मेरी सीकोल यांचा ब्राँझचा पुतळा लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयाच्या आवारात उभा आहे. त्यावर तुमचे आक्षेप असे: या रुग्णालयाशी सीकोल यांचा काही संबंध नव्हता, पुतळ्याचा पैसा रुग्णांवर खर्च व्हायला हवा होता, पुतळ्यामागची ब्राँझची मोठी उभी तबकडी निव्वळ दिखाऊ आहे, आणि हेच काम फायबरमध्ये स्वस्तात झालं असतं.

पहिला मुद्दा वस्तुस्थितीला धरून आहे. तिथलं परिचारिका विद्यालय १८६० मध्ये सुरू झालं ते फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यामुळे, आणि म्हणूनच नाइटिंगेल यांच्या चाहत्यांनी या जागेला विरोध केला होता. पण त्याचं उत्तर तुम्हाला खटकलेल्या तबकडीतच आहे. सीकोल यांनी १८५५ मध्ये क्रिमियात युद्धभूमीजवळ ‘ब्रिटिश हॉटेल’ नावाचं सैनिकांसाठीचं खानपानगृह उघडलं. तिथल्या जमिनीचा ठसा शिल्पकार मार्टिन जेनिंग्ज यांनी त्या तबकडीत ओतून घेतला. बाईंचं काम कुठे झालं, हे शिल्प स्वतःच सांगतं. रुग्णालयाशी खोटं नातं जोडत नाही. तबकडी काढली तर मात्र तुमचा आक्षेप मी बिनशर्त मान्य करेन.

पैसा बहुतांशी वर्गणीचा होता. तो गोळा व्हायला बारा वर्षं लागली. पुतळा बसवण्यासाठी सरकारने २,४०,००० पौंड दिले, तेही बँकांकडून वसूल झालेल्या दंडातून. ३० जून २०१६ ला अनावरण झालं.

आता फायबर. उन्हाने त्याचा वरचा थर भुरभुरतो, बारीक तडे जातात, पाणी आतल्या लोखंडी सांगाड्यापर्यंत पोचतं. लोखंड गंजून फुगलं की शिल्प आतून फुटतं. मुंबई-रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत हे आणखी लवकर होतं. ब्राँझचं काम लांबलचक आहे खरं: शाडूतली मूर्ती, रबरी साचा, आत पाचेक मिलिमीटरचा मेणाचा थर, त्यावर सिरॅमिकचे लेप, मेण वितळवून काढणं, मग सुमारे अकराशे अंशांचा रस ओतणं. मोठं शिल्प तुकड्यांत ओतून जोडतात. सपाट, मोठा पत्रा सगळ्यात अवघड, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने तो वाकतो. म्हणून समोरासमोरच्या बाजूंना आळीपाळीने छोटे टाके मारून मधे थंड होऊ द्यावं लागतं. शिवाय उभी तबकडी शिडासारखा वारा झेलते, तेव्हा पायाचं गणित स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्यावं. आतला सांगाडा स्टेनलेसचा हवा. साधं पोलाद ब्राँझला टेकलं की ओलाव्यात झपाट्याने गंजतं. तळाशी पाणी निचरायला भोकं ठेवायची.

रुग्णालयाच्या आवारात आणखी एक धोका असतो, तो फरशी पुसायच्या हायपोक्लोराइटचा, म्हणजे ब्लीचचा. त्यातलं क्लोराइड ब्राँझवर बसलं की फिकट हिरवी भुकटी धरते आणि धातू खाल्ला जातो. सौम्य साबण, स्वच्छ पाणी आणि वर्षातून एकदा मेणाचा हात, एवढं पुरतं. हे सफाईच्या कंत्राटात लिहून घ्यावं, कारण बादली सफाई कामगाराच्या हातात असते, शिल्पकाराच्या नाही.