बजेट साडेचार महिने रखडलं, तेव्हा नक्की कोण थांबलं? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या २०२५ मध्ये रखडलेल्या बजेटवर मी लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. तिचं उत्तर दोन ओळींत उरकण्यासारखं नाही, म्हणून वेगळं लिहिते आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: साडेचार महिने बजेट नव्हतं तरी राज्य सुरळीत चालू होतं, मग मी राईचा पर्वत का करते? मेडिकेड (गरिबांचा सरकारी आरोग्यविमा) आणि फूड स्टॅम्प (गरिबांना धान्यासाठीची मदत) यांतली कपात काँग्रेसने, म्हणजे केंद्राच्या संसदेने ठरवली, तर राज्यांना कशाला बोल लावायचा? आणि सिएटलजवळ आयटीत नोकरी करणाऱ्या, वेळेवर कर भरणाऱ्या मराठी माणसाने पेनसिल्व्हेनियाच्या राजधानीत, हॅरिसबर्गमध्ये चाललेल्या भांडणात लक्ष का घालावं?

तिन्ही मुद्दे मला पटत नाहीत. पहिल्यावर सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

राज्य चालू होतं हे खरं, पण ते चालू का दिसत होतं तेही बघा. २००७ मध्ये बजेट लांबलं तेव्हा पेनसिल्व्हेनियाच्या हजारो सरकारी कर्मचाऱ्यांना एक दिवस बिनपगारी घरी बसावं लागलं. २००९ मध्ये त्यांचे पगार अडकले, आणि त्याच वर्षी राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बजेट असो वा नसो, केंद्रीय कामगार कायद्याप्रमाणे पगार दिलाच पाहिजे. निकाल योग्यच होता. पण तेव्हापासून बजेट लांबलं तरी सरकारी कार्यालयांना कुलूप लागत नाही. लायसन्सची खिडकी उघडी असते, हायवेवर पोलिस असतात, पार्क खुली असतात. सामान्य माणसाला काहीच जाणवत नाही, आणि त्यामुळे आमदारांवरही कसला दबाव येत नाही.

थांबतात ते राज्याच्या तिजोरीतून पुढे जाणारे पैसे: शाळांचे, काउंट्यांचे, आणि काउंटीसाठी काम करणाऱ्या छोट्या संस्थांचे. पेनसिल्व्हेनियात ६७ काउंट्या आहेत, आपल्या जिल्ह्यांसारख्या. एखाद्या घरात मुलाला मारहाण होते अशी तक्रार आली की तिथे जाणारी माणसं काउंटीची असतात. मानसिक आरोग्याची केंद्रं, व्यसनमुक्तीची केंद्रं यांची व्यवस्थाही काउंटीकडे असते आणि त्यातला मोठा पैसा राज्याकडून येतो. तो १ जुलैपासून अडला. ज्यांच्याकडे गंगाजळी होती त्यांनी ती मोडली, बाकीच्यांनी कर्ज काढलं. वेस्टमोरलँड काउंटीने नोव्हेंबरमध्ये आपल्या काही कर्मचाऱ्यांना बिनपगारी घरी बसवलं. सप्टेंबरमध्ये राज्याच्या खजिनदार स्टेसी गॅरिटी यांनी काउंट्यांसाठी आणि हेड स्टार्ट बालवाड्यांसाठी ५० कोटी डॉलरपर्यंतच्या कर्जांची योजना आणली, तीही व्याजाने. राज्यानेच द्यायचे पैसे राज्य देत नाही, आणि ते मिळेपर्यंत राज्याकडूनच व्याजाने कर्ज घ्या, असा हा प्रकार. ही सोय नसती तर हाल आणखी झाले असते हे मान्य, पण याला सुरळीत चालणं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

शाळांचं तर त्याहून वाईट. इथे शाळांचा बराचसा पैसा स्थानिक घरपट्टीतून येतो. श्रीमंत उपनगरात घरांच्या किमती चढ्या, त्यामुळे घरपट्टी भरपूर, आणि राज्याच्या अनुदानावाचून शाळेचं फारसं अडत नाही. गरीब गावातली शाळा मात्र त्या अनुदानावरच उभी असते. म्हणजे एकाच दिवशी, एकाच कारणाने थांबलेला पैसा एका शाळेला जेमतेम जाणवतो आणि दुसरीला नोकरभरती थांबवायला किंवा कर्ज काढायला लावतो. ही विषमता घटनाबाह्य आहे असा निकाल राज्याच्या कॉमनवेल्थ कोर्टाने २०२३ मध्ये दिलेला आहे. २०१५-१६ मध्ये टॉम वुल्फ गव्हर्नर असताना बजेट नऊ महिने रखडलं होतं. तेव्हाही कर्ज काढत फिरल्या त्या शाळाच, आणि त्या कर्जांवरचं व्याज मुलांच्या शिक्षणासाठीच्या पैशातून गेलं.

तुम्ही लिहिलंत, ‘आपल्याकडे लेखानुदान असतं, तसं इथेही असेलच.’ नेमकं तेच नाही. महाराष्ट्रात पूर्ण अर्थसंकल्प मंजूर व्हायचा असला तरी घटनेच्या कलम २०६ प्रमाणे विधानसभा काही महिन्यांच्या खर्चाला आगाऊ मंजुरी देऊ शकते, आणि आपल्याला ती इतकी अंगवळणी पडली आहे की निवडणुकीच्या वर्षी त्याचं कुणाला काही वाटतही नाही. अमेरिकेत दर राज्याची तऱ्हा निराळी. नॉर्थ कॅरोलायनात नवं बजेट झालं नाही तर जुन्याच पातळीवर खर्च चालू राहतो. २०२५ मध्ये तिथे प्रतिनिधीगृह आणि सिनेट दोन्ही रिपब्लिकनांच्या हातात असूनही करकपातीवरून त्यांचं जमलं नाही आणि सर्वंकष बजेट झालंच नाही. मिशिगनचं वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. मुदत हुकल्यावर तिथे काही दिवसांची तात्पुरती मंजुरी घेतली आणि लगेच बजेट उरकलं. पेनसिल्व्हेनियात अशी आपोआप लागू होणारी सोय नाही. ती आणता येईल, कायदा करूनच, आणि तसा आग्रह धरणं हा माझ्या लेखाचा खरा हेतू होता.

आता सेप्टा, म्हणजे फिलाडेल्फिया परिसरातल्या बस आणि लोकल गाड्या चालवणारी संस्था. त्या भागाला तुम्ही ‘फिलाडेल्फियाची रडकथा’ म्हटलंत. मी याच शहराच्या उपनगरात राहते, पण माझी सोय-गैरसोय बाजूला ठेवून सांगते. सेप्टाला २१.३ कोटी डॉलरची तूट होती. बजेटच नसल्याने राज्याकडून किती येणार हे कळायला मार्ग नव्हता. २४ ऑगस्ट २०२५ ला, शाळा सुरू होण्याच्या तोंडावर, ३२ बस मार्ग बंद झाले. फिलाडेल्फियात हायस्कूलची मुलं शाळेच्या पिवळ्या बसने जात नाहीत, सेप्टाने जातात. प्रकरण कोर्टात गेलं. शेवटी राज्याने सेप्टाला भांडवली निधीतले ३९.४ कोटी डॉलर दोन वर्षांत रोजच्या खर्चाला वापरायची मुभा दिली. १४ सप्टेंबरला सेवा पूर्ववत झाली, तिकीट मात्र २.९० डॉलर झालं.

हा भांडवली निधी कशासाठी असतो? नवे डबे, रूळ, सिग्नल यांसाठी. आणि त्याच वर्षी सेप्टाच्या ‘सिल्व्हरलायनर फोर’ डब्यांना एकापाठोपाठ एक आगी लागत होत्या. १९७० च्या दशकातले डबे आहेत ते. केंद्रीय रेल्वे प्रशासनाने १ ऑक्टोबरला तातडीचा आदेश काढून त्यांची तपासणी करायला लावली. म्हणजे जुने डबे बदलायचा पैसा इंधन-वीज-पगारासारख्या चालू खर्चात गेला. नोव्हेंबरमध्ये डेमोक्रॅट गव्हर्नर जॉश शपिरो यांना दुरुस्तीसाठी आणखी २२ कोटी डॉलर द्यावे लागले. १२ नोव्हेंबरला अखेर सह्या झालेल्या ५०.१ अब्ज डॉलरच्या बजेटमध्ये सार्वजनिक वाहतुकीसाठी दरवर्षी मिळेल असा नवा पैसा नाही.

मी डेमोक्रॅटांची वकिली करते, असाही तुमचा सूर आहे. राज्याच्या सिनेटमध्ये बहुमत असलेल्या रिपब्लिकनांचा मूळ मुद्दा खोटा नव्हता, आणि तसं म्हणायला मला काही अडचण नाही. राज्याचा खर्च उत्पन्नापेक्षा जास्त आहे आणि साठवलेली शिल्लक झपाट्याने संपते आहे. शपिरो यांनी फेब्रुवारीत ५१.५ अब्ज मागितले होते, त्यात कात्री लागली हे ठीकच झालं असेल. कमी कमाईच्या नोकरदारांना केंद्राच्या सवलतीच्या १० टक्के इतकी राज्याची करसवलत मिळाली, हेही चांगलं झालं. पण हा सौदा जुलैमध्ये का झाला नाही याचं समाधानकारक उत्तर दोन्ही बाजूंनी दिलेलं नाही. प्रादेशिक कार्बन करारातून (वीजकेंद्रांना कार्बन उत्सर्जनासाठी पैसे मोजायला लावणारा काही राज्यांचा करार) बाहेर पडणं ही तडजोडीतली मोठी अट होती. पेनसिल्व्हेनियाचा त्या करारातला सहभाग कोर्टकचेऱ्यांत अडकलेला होता आणि त्यातून राज्याला एक डॉलरही मिळालेला नव्हता. एवढ्यासाठी शाळांना चार महिने थांबवायची गरज नव्हती.

दुसरा मुद्दा: सगळं काँग्रेसने केलं. ही कपात करणारा ४ जुलै २०२५ चा कायदा केंद्राचा, हे खरंच. पण त्याची बिलं राज्यांच्या टेबलावर येतात. फूड स्टॅम्पचंच घ्या. आजवर त्यातला धान्याचा पूर्ण पैसा केंद्र द्यायचं आणि कारभाराचा खर्च निम्मा-निम्मा. ऑक्टोबर २०२६ पासून कारभाराचा ७५ टक्के खर्च राज्यांच्या माथी आहे. त्यानंतर वर्षभराने धान्याच्या पैशातही वाटा द्यावा लागेल, आणि तो राज्याच्या चुकांच्या दरावर ठरेल: ६ टक्क्यांच्या आत चुका असतील तर काही नाही, १० टक्के किंवा त्यापुढे गेल्या तर १५ टक्के. या चुका म्हणजे लबाडी असं अनेकांना वाटतं. तसं नाही. कुणाला हक्कापेक्षा कमी मिळालं तरी ती चूकच धरतात. २०२४ चा देशाचा दर १०.९३ टक्के होता, अलास्काचा २४.६६. आणि ज्यांचा दर फारच जास्त त्या राज्यांना दोन वर्षांपर्यंत मुदतवाढ मिळू शकते, तर थोडक्यात हुकलेल्यांना लगेच पैसे भरायचे आहेत. हा नियम मला उघड अन्यायाचा वाटतो.

केंद्राला तूट चालते. राज्यांना नाही: व्हरमाँट सोडलं तर सगळ्यांवर जमाखर्चाच्या तोंडमिळवणीची सक्ती आहे. म्हणून काँग्रेसने काढून घेतलेला प्रत्येक डॉलर कुठून भरायचा, की कुणाचं काय काढून घ्यायचं, हे राज्याच्या सभागृहात ठरतं. कोलोरॅडोचा आयकर केंद्राच्या करपात्र उत्पन्नाच्या आकड्यावरून मोजतात. केंद्राने सवलती दिल्या आणि कोलोरॅडोचं उत्पन्न त्याच वर्षी एक अब्जाहून अधिक डॉलरने आटलं. गव्हर्नर जॅरेड पोलिस यांना ऑगस्टमध्ये विशेष अधिवेशन बोलवावं लागलं. मेडिकेड घेणाऱ्या अनेक प्रौढांसाठी महिन्याला ८० तास कामाची अट २०२७ च्या सुरुवातीपर्यंत लागू करायची आहे, पण ते तास कसे मोजायचे, अर्ज किती किचकट ठेवायचा, माणसं किती नेमायची हे राज्यं ठरवतील. कामावर जाणाराही कागद चुकला म्हणून विमा गमावू शकतो. तिथे चांगलं आणि वाईट राज्य यांतला फरक दिसेल.

तिसरा मुद्दा तुमच्या स्वतःच्या राज्याचा आहे, त्यामुळे थोडक्यात. वॉशिंग्टन राज्यात पगारावर आयकर नाही हे आपल्या लोकांना तिथे जाण्याचं एक मोठं आकर्षण. २०२५ मध्ये तिथेही अब्जावधींची तूट निघाली, आणि गव्हर्नर बॉब फर्ग्युसन यांच्या सहीने १ ऑक्टोबरपासून कस्टम सॉफ्टवेअर, वेबसाइट बनवून देणं, तांत्रिक साहाय्य, तात्पुरती माणसं पुरवणं या सेवांवर विक्रीकर लागला. स्थानिक कर धरून तुमच्या भागात तो १० टक्क्यांच्या वर जातो. तुमच्या ओळखीत छोटी कन्सल्टिंग कंपनी चालवणारं कुणी असेल तर विचारा. पेट्रोलवरचा राज्याचा कर १ जुलैला गॅलनमागे ६ सेंट वाढून ५५.४ सेंट झाला. वर्षाला दहा लाख डॉलरवरच्या भांडवली नफ्यावर आता ९.९ टक्के कर आहे, जो कंपनीचे शेअर विकून घर घेणाऱ्यांपैकी काहींना लागू होईल. मेरीलँडनेही जुलैपासून आयटी आणि डेटा सेवांवर ३ टक्के कर लावला. यातलं काहीही व्हाइट हाउसमध्ये ठरलेलं नाही.

शेवटी तुम्ही विचारलंत की हे सगळं तपासायचं कुठे. राज्य विधिमंडळाच्या साइटवर विधेयकाच्या पानावर त्याच्या खर्चाची टिपणं असतात, वॉशिंग्टन राज्यात ती वाचायला सोपी आहेत. तुमच्या भागातून निवडून गेलेले दोन प्रतिनिधी आणि एक सिनेटर यांना ऑलिंपियात, म्हणजे तुमच्या राज्याच्या राजधानीत, ईमेल पाठवा. राज्याच्या पातळीवर पत्रं कमी येतात, त्यामुळे ती वाचली जातात. विधेयकाच्या सुनावणीत घरबसल्या, व्हिडिओवरून म्हणणं मांडायचीही तिथे सोय आहे, आणि नवीन करांचा पुढचा विचार होईल तेव्हा आयटीतल्या माणसांनी तिथे बोलायला हवं.