आधी तो करार बदला

ब्रसेल्सहून फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला अधिवेशनासाठी होणारी दरमहा वारी बंद केली की युरोपीय संसद लोकांना जास्त उत्तरदायी होईल, हे लेखातलं विधान नागपूरकर म्हणून पटलं नाही. अख्खं सरकार सामानसुमानासह गावात उतरतं म्हणजे काय, हे आम्ही दर हिवाळ्यात बघतो. रविभवनाला रंग लागतो, सिव्हिल लाइन्समधले खड्डे रातोरात बुजतात. खर्च होतो, हसूही येतं. पण मॉरिस कॉलेज टी-पॉईंटला अडवलेल्या मोर्चाचं निवेदन घ्यायला कधीकधी मंत्री स्वतः येतो, तेवढं तरी पदरात पडतं. मुंबईत त्या माणसांना कोण विचारणार होतं?

मूळ दुखणं लेखकानं एका ओळीत उरकलंय. या संसदेला आपण कुठे बसायचं हेसुद्धा ठरवता येत नाही. ते युरोपीय संघाच्या करारात लिहिलंय आणि बदलायचं तर सगळ्या सदस्य देशांची सहमती लागते. फ्रान्स ती देईल असं वाटतं का? कायद्याचा प्रस्ताव मांडायचा अधिकारही, काही अपवाद सोडले तर, युरोपीय आयोगाकडेच, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळाकडेच. 2014 मध्ये पक्षांनी आधी जाहीर केलेल्या उमेदवारांतून युंकर या आयोगाचे अध्यक्ष झाले, तेव्हा मतदाराला वाटलं आपलं मत पोचलं. 2019 मध्ये जाहीर उमेदवार वेबर बाजूला पडले आणि प्रचारात कुठेच नसलेल्या उर्सुला फॉन डेर लायन यांचं नाव देशप्रमुखांच्या बैठकीतून आलं. संसदेनं ते मंजूर केलं, तेही काठावरच. ती बैठक ब्रसेल्सलाच झाली होती.