वाईनमध्ये सोडा टाकून बुरशीचं विष कळत नाही हो

नाताळ जवळ आला की हा मेसेज परत फिरायला लागतो, फोंड्यापासून म्हापशापर्यंत एक ग्रुप सुटत नाही. मजकूर थोडक्यात असा: गोव्याच्या दमट हवेमुळे इथल्या पोर्ट वाईनमध्ये बुरशीचं विष तयार होतं, युरोपने म्हणूनच अशा वाईनवर बंदी घातली, दक्षिण गोव्यातल्या काणकोणात किडनीचे पेशंट वाढले ते ह्यामुळेच, फेणीतसुद्धा हेच विष असतं. ओळखायचं कसं, तर एका 'लॅबवाल्या मित्राने' सांगितलंय म्हणे, ग्लासात चमचाभर खायचा सोडा टाका, निळी-काळी झाली की विष, किंवा नोटा तपासायची जांभळी लाईट मारा, चमकली की विष. आणि उपाय म्हणे उकळून प्या, नाहीतर घरी केलेली प्या, ती शुद्ध.

सगळीच थाप असती तर मी एवढं टायपत बसलो नसतो. विष खरं आहे. त्याचं नाव ओक्राटॉक्सिन ए, 1965 मध्ये दक्षिण आफ्रिकेत एका बुरशीतून पहिल्यांदा वेगळं काढलं, आणि वाईनमध्ये सापडल्याचं 1996 मध्ये स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी पहिल्यांदा छापलं. द्राक्षावर ते मुख्यतः अ‍ॅस्परजिलस कार्बोनेरियस नावाची काळी बुरशी बनवते. प्राण्यांच्या किडनीला ते बाधतं हे नक्की, आणि डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेच्या यादीत 1993 पासून ते 'शक्यता आहे' ह्या 2बी गटात आहे. आता त्याच यादीत दारू स्वतः 1988 पासून गट 1 मध्ये, म्हणजे 'नक्की होतो' वाल्या गटात आहे, पण ते कोणी फॉरवर्ड करत नाही.

"गोव्याच्या दमट हवेमुळे"

पोर्ट वाईनची द्राक्षं गोव्यात पिकतात कुठे? ती महाराष्ट्रातून नाहीतर कर्नाटकातून येतात. आणि हे विष वेलीवरच्या मण्यात किंवा तोडणी ते गाळप ह्या मधल्या वेळेत बनतं, म्हणजे अवकाळी पाऊस पडून मणी तडकले, पक्ष्यांनी किंवा किड्यांनी टोचले, मग क्रेट उन्हात पडून राहिले, असं झालं की बुरशीला आत शिरायला वाट मिळते. एकदा रस आंबायला लागला, हवा कमी झाली, अल्कोहोल चढलं की ती बुरशी वाढू शकत नाही. त्यामुळे पावसाळ्यात बाटलीच्या लेबलवर आणि बुचावर जी पांढरी-हिरवी बुरशी दिसते (आपल्याकडे चपलांवर पण दिसते) तिचा आतल्या ओक्राटॉक्सिनशी काही संबंध नाही.

"युरोपात बंदी"

बंदी नाही, मर्यादा आहे. 2005 पासून युरोपियन युनियनमध्ये वाईनला किलोमागे 2 मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे, लिटर म्हटलं तरी जवळपास तेच. गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत 2 मिलिग्रॅम, एवढंसं. आणि गंमत म्हणजे हा प्रश्न जास्त युरोपच्याच दक्षिण भागातल्या रेड वाईनचा, कारण रेड बनवताना साली रसात बरेच दिवस राहतात आणि विष सालीतून उतरतं, व्हाईटमध्ये त्यामानाने कमी.

"सोडा टाका, लाईट मारा"

इथे जरा थांबतो, कारण मेसेजमधली सगळ्यात भारी गोष्ट हीच आहे.

रेड वाईनचा रंग अँथोसायनिनचा, म्हणजे द्राक्षाच्या सालीतल्या रंगद्रव्याचा. आंबट असताना लाल, सोड्याने आंबटपणा मेला की जांभळा, निळा, हिरवट काळा. चांगल्यातली चांगली वाईन घ्या, होणारच. कोकमाच्या आगळात सोडा टाकून बघा, तिथेही रंग बदलेल, मग काय सोलकढी पण सोडायची का?

लाईटचं तसंच. ओक्राटॉक्सिन यूव्हीखाली चमकतं हे बरोबर, पण वाईनमधले दुसरे कितीतरी पदार्थ पण चमकतात, आणि लिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये असलेल्या वस्तूची चमक त्या गर्दीत डोळ्याला वेगळी दिसणं शक्यच नाही.

पण मला वाटतं तो 'लॅबवाला मित्र' कुठेतरी खरंच होता. कारण लॅबमधली नेहमीची पद्धत बघा: वाईन घेतात, ती खाण्याच्या सोड्याच्या आणि पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या पाण्यात पातळ करतात, गाळतात, मग एका छोट्या कॉलममधून, म्हणजे भरलेल्या नळीतून, थेंब थेंब सोडतात. ह्या कॉलममध्ये अँटिबॉडी बसवलेल्या असतात, त्या फक्त ओक्राटॉक्सिनला धरून ठेवतात, बाकी रंग, साखर, आम्ल सगळं वाहून जातं. मग कॉलम धुवून मिथेनॉलने ते पकडलेलं विष सोडवतात आणि एचपीएलसी मशीनला (मिश्रणातले पदार्थ वेगळे करून मोजणारं यंत्र) देतात, तिथे 333 नॅनोमीटरची यूव्ही मारून 460 च्या आसपासची निळसर चमक मोजतात आणि माहीत असलेल्या प्रमाणाच्या नमुन्याशी ताडून आकडा काढतात. म्हणजे सोडा पण खरा, लाईट पण खरी! फक्त सोडा तिथे रंग बघायला नसतो, आम्लपणा मारायला असतो, नाहीतर अँटिबॉडी नीट धरत नाही. आणि मधला कॉलम, ज्याच्यामुळे ही टेस्ट टेस्ट होते, तो व्हॉट्सअ‍ॅपवर येता येता गळून पडला.

"काणकोणचे किडनी पेशंट"

हे वाचून राग आला. काणकोणातले लोक कित्येक वर्षं किडनीच्या आजाराने त्रासलेत, तिथे शोध चाललाय तो पाण्याचा वगैरे, वाईनशी संबंध जोडायला आधार शून्य. बाल्कन देशांतल्या काही गावांत असाच किडनीचा आजार होता, तेव्हा संशय ओक्राटॉक्सिनवरच गेला होता, पुढे मुख्य कारण म्हणून अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल पुढे आलं, गव्हाच्या शेतातल्या एका तणाच्या बिया पिठात जात होत्या. तेव्हा घाई नको.

आकडेमोड पण करून टाकू. डब्ल्यूएचओ-एफएओच्या तज्ज्ञ समितीने आठवड्याची मर्यादा वजनाच्या किलोमागे 100 नॅनोग्रॅम धरलीय, 60 किलोच्या माणसाला 6 मायक्रोग्रॅम. वाईन अगदी 2 च्या काठावर असली तरी 3 लिटर लागतील, म्हणजे आठवड्याला चार बाटल्या, दर आठवड्याला. तेवढी पिणाऱ्याचं लिव्हर आधी बोलेल. अर्थात युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2020 मध्ये आपला आठवड्याचा आकडा मागे घेतला, कॅन्सरच्या बाबतीत सुरक्षित पातळी ठरवता येत नाही म्हणून, आणि धान्य, कॉफी, मनुका, मसाले ह्यातूनही ते थोडं थोडं येतंच, म्हणून अजिबात चिंता नको असं मी म्हणणार नाही.

"फेणीत पण" नाही. हे विष वाफेबरोबर उडत नाही, भट्टीत मागेच राहतं.

"उकळून प्या" उकळल्याने अल्कोहोल उडेल, विष तसंच राहील. कॉफी भाजतात तेव्हासुद्धा ते पूर्ण जात नाही.

"घरची शुद्ध"

उलट खरी काळजी इथेच. नाताळसाठी घरोघरी वाईन घालतात, मस्त असते, मी पण पितो. पण बाजारात संध्याकाळी स्वस्तात मिळालेली फुटकी, मऊ पडलेली द्राक्षं, वर मूठभर काळ्या मनुका, आणि सालीसकट तीन-तीन आठवडे बरणीत. मनुकांना युरोपात मर्यादाच किलोला 8 मायक्रोग्रॅम आहे, वाईनच्या चौपट, ह्यावरून समजा. बरं धुवून वरची बुरशी जाते, मण्यात उतरलेलं विष जात नाही. तेव्हा घड हातात घेऊन काळे, सुरकुतलेले, वास मारणारे मणी काढून टाका, मनुका निवडून घ्या, बरणीत वर बुरशीचा थर आला तर चमच्याने काढून पुढे चालू ठेवू नका, ओता सरळ.

आणि दुकानातल्या बाटलीवर खरंच संशय असेल तर अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम 40 खाली ग्राहकालाही फी भरून फूड अ‍ॅनालिस्टकडून तपासून घेता येतं, फक्त विकत घेताना दुकानदाराला तसं सांगावं लागतं, आणि नमुना नियमात बसला नाही तर फी परत मिळते. गोव्याचं एफडीए (अन्न व औषध प्रशासन) बांबोळीला आहे, तिथे चौकशी करा. खाजगी लॅबकडे गेलात तर ओक्राटॉक्सिन ए स्पष्ट लिहून मागा, आणि रिपोर्टवर नुसतं 'आढळलं नाही' असेल तर कमीत कमी किती मोजता येतं तो आकडा विचारा. तो 5 असेल तर 2 च्या मर्यादेसाठी त्या कागदाचा उपयोग नाही, पैसे परत मागा.