कंसातला विनोद

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली आणि दुसऱ्याच दिवशी मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून घेतले. टेबलावर स्नेहसंमेलनाची फाइल उघडी होती, त्यावरून पुढे काय वाढून ठेवले आहे याचा अंदाज आला. मी मराठी शिकवतो, आणि मराठी शिकवणाऱ्याला नाटकातले कळते हा समज आमच्या नाशिकमध्ये जरा जास्तच पक्का आहे. ज्या गावात कुसुमाग्रज राहिले आणि जिथे वसंत कानेटकरांनी एच. पी. टी. महाविद्यालयात शिकवता शिकवता नाटके लिहिली, त्या गावातल्या मराठीच्या मास्तराला ‘मला जमणार नाही’ असे म्हणण्याची सोय उरलेली नाही.

“सर, यंदा रडकं काही नको,” बाई म्हणाल्या. “छान विनोदी नाटक बसवा. कालिदास नाट्यगृहात रविवारी लागतात ना, तसं. फक्त पाऊण तासाचं, आणि कोणाच्या भावना दुखावणार नाहीत असं. आणि हो, नववी ‘ब’ची सगळी मुलं घ्या. मागच्या वेळी पालकांनी फार बोलून दाखवलं.”

रडके नको म्हणण्यामागे कारण होते. गेल्या वर्षी मी व्यसनमुक्तीवरची नाटिका बसवली होती. शेवटच्या प्रवेशात नायक आईच्या मांडीवर प्राण सोडतो, आणि नेमकी त्याच क्षणी त्याची डिंकाने लावलेली मिशी सुटून आईच्या हाताला चिकटली. आईने प्रसंगावधान राखून ती मृताच्या ओठांवर परत बसवली, पण उलटी. मृताला हसू आवरेना, म्हणून आईने त्याचे तोंड पदराने झाकले. आमच्या मैदानावरच्या मंडपात इतका हशा त्यापूर्वी कधी उठला नव्हता, आणि तो मिळवण्यासाठी मी काहीही केलेले नव्हते, ही गोष्ट तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवी होती.

नववी ‘ब’ची पटसंख्या ६१ आहे, त्यात मुली ३५. हा आकडा मनात धरून मी १८४० सालापासून चालत आलेल्या आमच्या सार्वजनिक वाचनालयातून नाटकांची पुस्तके आणू लागलो. दहा दिवस रोज रात्री विनोदी नाटके वाचणाऱ्या माणसाचा चेहरा कसा होतो, हे माझ्या पत्नीने प्रथमच पाहिले. “तुमच्याकडे बघून घरात कोणी गेलंय की काय असं वाटतं,” असे ती म्हणाली आणि तिने चहाचा कप पुस्तकावर न ठेवता शेजारी ठेवला, हीच काय ती सहानुभूती.

आरंभ अर्थातच देवलांच्या ‘संशयकल्लोळ’पासून केला. देवल १९१६ साली गेले, त्यामुळे हक्कांचा प्रश्न नव्हता, आणि फाल्गुनरावाचा संशय आजही ताजा वाटतो. परंतु वर्गात कथानक सांगताना रेवतीपाशी गाडी अडली. रेवती कोण, असा प्रश्न आला. कलावंतीण, असे मी म्हणालो. कलावंतीण म्हणजे काय, असे विचारल्यावर मी ‘गाणारी’ एवढेच उत्तर दिले. “म्हणजे रिअॅलिटी शोमधली का, सर?” या प्रश्नावर तासाची घंटा झाली आणि मी देवलांना साष्टांग नमस्कार घालून पुस्तक परत केले.

मग अत्र्यांचे ‘मोरूची मावशी’ घेतले. ब्रँडन टॉमस यांचे ‘चार्लीज आँट’ १८९२ साली इंग्लंडमध्ये रंगभूमीवर आले. अत्र्यांनी त्या मावशीला असे काही नऊवारी केले की ती मूळची परकी आहे हे सांगूनही कोणाला पटत नाही. मावशी कोण होणार, असे विचारताच अकरा मुलांचे हात वर गेले. त्यांतल्या एकाची आई दुसऱ्या दिवशी शाळेत आली. मुलाने लुगडे नेसण्याला त्यांचा विरोध असेल असे मी गृहीत धरले होते, तो अजिबात नव्हता. “काय हवं ते नेसवा सर,” त्या म्हणाल्या, “फक्त माझी येवल्याची पैठणी त्याने दप्तरात कोंबून आणलीये, ती तेवढी द्या.” पैठणी खरोखरच दप्तरात, भूगोलाची वही आणि अर्धवट खाल्लेली चिक्की यांच्या मध्ये होती. तिच्या पदरावरच्या मोराला गूळ लागला होता.

त्यातच आमच्या लेखनिकांनी कायद्याचा मुद्दा काढला. अत्रे १९६९ साली गेले, आणि लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे या हिशेबाने त्यांच्या लेखनावरचा हक्क २०२९ अखेरपर्यंत चालतो. शाळेच्या उपक्रमात शिक्षक आणि विद्यार्थी करतात त्या प्रयोगाला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे, हे मी त्यांना दाखवले. पण त्यात प्रेक्षक हे शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसे असावीत असेही म्हटलेले आहे. प्रमुख पाहुणे म्हणून येणारे माजी नगरसेवक आणि त्यांच्याबरोबर न बोलावता येणारे कार्यकर्ते संस्थेच्या कामाशी संबंधित आहेत की नाहीत, यावर शिक्षकखोलीत तीन मधल्या सुट्ट्या चर्चा झाली. ते संबंधित नाहीत असे लेखी द्यायला कोणी तयार होईना.

कानेटकर आपल्या गावचे, म्हणून ‘लेकुरे उदंड जाहली’ सुचवून पाहिले. ते मूल नसलेल्या जोडप्याचे नाटक आहे हे सांगण्यापूर्वीच बाईंनी नाव ऐकून ६१ या पटसंख्येकडे पाहिले आणि माझ्याकडेही पाहिले. मी तो विषय तिथेच सोडला.

अखेर एका जुन्या संग्रहातली एकांकिका निवडली आणि ती वाचन समितीपुढे ठेवली. तीत एक कंजूष घरमालक, त्याची सासू, एक बोबडा नोकर, एक लठ्ठ डॉक्टर, एक टकलू वधूपिता आणि एक झोपाळू हवालदार होता. म्हणजे मराठी प्रहसनाला लागणारा सगळा शिधा भरलेला होता. समितीतले प्रत्येक जण वाचताना मनापासून हसले आणि वाचून झाल्यावर प्रत्येकाने एकेक पात्र उचलून बाहेर ठेवले. विज्ञानाच्या सरांनी डोक्यावरून हात फिरवत वधूपित्याचे टक्कल काढायला सांगितले. बोबडेपणावर हसणे बरे नव्हे, हे मलाही पटले. हवालदार वगळला, कारण सातवी ‘अ’मधल्या एका मुलीचे वडील पोलिसात आहेत. सासू नको, असे तीन शिक्षिका म्हणाल्या. त्यांतल्या दोघींना नुकत्याच सुना आल्या आहेत. डॉक्टरचे पोट कमी करण्यात आले. आणि कंजूष घरमालकाबद्दल कोणीच काही बोलेना, सगळे फक्त संस्थेच्या खजिनदारांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत राहिले, तेव्हा त्याचा कंजूषपणाही गेला. मी घरी जाऊन उरलेले नाटक घड्याळ लावून वाचले. ते अकरा मिनिटांचे झाले होते. त्यात एक नोकर चहा घेऊन येतो, पाहुणे निघून गेल्याचे त्याला कळते, आणि तो चहा परत नेतो. मध्ये एक तार येते.

तरीही दुसऱ्या दिवशी वर्गात वाचन ठेवले. तार म्हणजे काय, हे आधी सांगावे लागले. २०१३ च्या जुलैमध्ये देशातली तारसेवा बंद झाली, तेव्हा ही मुले रांगत तरी होती किंवा नुकतीच चालू लागली होती. मग शेवटच्या बाकावरच्या एका मुलाला नोकराचे काम वाचायला दिले. हा मुलगा निफाडकडून येतो, थंडीत मफलर कानावर घट्ट बांधून बसतो, आणि समोर जे छापले असेल ते सगळे एका सुरात वाचतो. त्याने उभे राहून वाचले, “मालक कंसात घाबरून कंस पूर्ण तार आली आहे कंसात थरथरत हात पुढे करतो कंस पूर्ण.” मालकाचे काम करणाऱ्या मुलीला वाटले, असेच वाचायचे असते. तिने उत्तर दिले, “कोणाची कंसात दचकून पण वरकरणी शांत कंस पूर्ण.”

वर्ग एवढा हसला की शेजारच्या वर्गातले बीजगणित थांबले. पाण्याची घागर घेऊन दाराशी उभे असलेले शिपाईमामा, ज्यांना मी सतरा वर्षांत फक्त पगाराच्या दिवशी स्मित करताना पाहिले आहे, ते घागर खाली ठेवून भिंतीला टेकले. मी मुलांना थांबवले नाही. वाचन संपले तेव्हा अठ्ठावीस मिनिटे झाली होती.

त्या रात्री मी उत्साहाने हिशेब मांडला. प्रत्येक पात्रामागे एक जण संवाद बोलणारा आणि तीन-चार जण त्याचे कंस बोलणारे ठेवले, तर ६१ मुले सहज बसतात, नाटक पाऊण तासाच्या जवळ जाते, आणि कंसाला टक्कल, पोट, व्यवसाय किंवा सासू नसल्यामुळे समितीला काढायला काही उरत नाही. बाईंनी मंजुरी दिली. लेखनिकांनी मूळ संग्रह मागवून घेऊन कंसांचे हक्क कोणाकडे आहेत ते पाहतो असे सांगितले आहे.

काल कंसांचे वाटप जाहीर केले. आज सकाळी प्रार्थनेपूर्वीच एक पालक फाटकापाशी माझी वाट पाहत होते. त्यांची मुलगी पहिलीपासून पहिल्या तिनांत आहे, वक्तृत्वात तिला जिल्हास्तरीय बक्षीस आहे, आणि असे असताना तिच्या वाट्याला ‘खाकरतो’ एवढाच कंस का आला, असे ते विचारत होते. शेजारच्या मुलीला मात्र ‘खिडकीकडे जाऊन विचारमग्न होतो’ असा लांबलचक कंस मिळाला आहे, हे त्यांनी कागदावर लिहूनच आणले होते.

मी त्यांच्या मुलीला ‘बेशुद्ध पडतो’ दिला.