‘लांबच्या सफरीला ६५० सीसीच्या खाली बघूच नका’ या सल्ल्याचा हिशेब

आठ-दहा दिवसांच्या सफरीसाठी डुअल स्पोर्ट बाईक, म्हणजे डांबरी आणि कच्च्या दोन्ही रस्त्यांवर चालणारी गाडी, कोणती घ्यावी, असं कोणी विचारलं की एक ठरावीक उत्तर हमखास येतं. थोड्याफार फरकानं ते असं असतं: ‘६५० सीसीच्या खाली बघूच नका. लहान इंजिन हायवेवर धापा टाकतं. हलकी गाडी डुगडुगते. तिच्यावर सामान मावत नाही, टाकी एवढीशी, इंजिनही लवकर थकतं. डाकारच्या वाळवंटी रॅलीतल्या गाड्या बघा, सगळ्या मोठ्या. आज लहान घ्याल आणि वर्षभरात विकून मोठीच घ्याल.’

देणारे हा सल्ला चांगल्या मनानंच देतात. पण त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य अर्धवट आहे. त्यावर विसंबून पहिलीच गाडी अडीचशे किलोंची घेणाऱ्या नवख्या रायडरची मला खरोखर काळजी वाटते.

हायवेचा मुद्दा आधी घेऊ, कारण सगळ्यात जास्त तथ्य त्यातच आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो आणि त्याला पुरं पडायला लागणारी ताकद घनानं. ताशी ९० ऐवजी १२० नं जायचं, तर वाऱ्याशी झुंजायला सव्वादोन पटीहून जास्त ताकद लागते. होंडा सीआरएफ३००एलचं २८६ सीसीचं इंजिन सुमारे २७ अश्वशक्ती देतं. नव्वदला ते निवांत चालतं, एकशेवीसला मात्र हाताशी फार काही उरत नाही. त्यात समोरून वारा आला किंवा चढ लागला की गिअर खाली घ्यावाच लागतो. हे सगळं मान्य. रोज चारपाचशे किलोमीटर रुंद डांबरी रस्त्यानंच जायचं असेल किंवा मागे जोडीदार बसणार असेल, तर मोठी गाडी घ्या, मी वाद घालणार नाही. पण मग डुअल स्पोर्ट शोधता कशाला? पुढे कुठेतरी डांबर संपणार आहे म्हणूनच ना? खडीच्या, वाळूच्या, चिखलाच्या रस्त्यावर सरासरी ताशी तीस-चाळीसवर येते, मग इंजिन केवढंही असो. दोन वेळा गाडी पडली, अर्धा तास दम खायला थांबावं लागलं, की हायवेवर वाचवलेला वेळ तिथेच संपतो.

‘वजनदार गाडी स्थिर असते.’ हे वाक्य सगळ्यात जास्त नुकसान करतं, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो.

सरळ, पक्क्या रस्त्यावर, वेगात असताना आडव्या वाऱ्याला वजनदार गाडी कमी बिचकते, हे खरं. उंच मडगार्डच्या हलक्या गाडीचं हँडल अशा वेळी हलतं, तेही खरं. पण कच्च्या रस्त्यावर वेग उतरला की गाडीचा तोल गाडी स्वतः फारसा सांभाळत नाही, रायडर सांभाळतो. फूटरेस्टवर उभं राहून शरीर डावी-उजवीकडे, पुढे-मागे झुकवूनच तो चाकं हव्या त्या ओळीत ठेवतो. आता आकडे बघा. हेल्मेट, बूट, जॅकेट घालून रायडर ८५ किलोंचा धरू. सीआरएफ३००एल पेट्रोलसकट सुमारे १४२ किलोंची आहे, म्हणजे रायडर गाडीच्या वजनाच्या ६० टक्के भरतो. बीएमडब्ल्यू आर १२५० जीएस पेट्रोलसकट सुमारे अडीचशे किलोंची, तिथे तोच माणूस एक तृतीयांश. पहिल्या गाडीला तो कंबर हलवून वळवू शकतो. दुसरीला वळवायला कसब लागतं, आणि ते कमवायला वेळ द्यावा लागतो.

आणि गाडी पडणारच. कच्च्या रस्त्यावर ती कधीच पडत नाही, असा रायडर नसतो. ‘पाठ टेकवून उचलायची पद्धत शिका, कितीही जड गाडी उठते’ असंही सांगितलं जातं. सपाट, कोरड्या जमिनीवर, ताज्या अंगानं ती उठते. पण चाकं चढाच्या बाजूला आणि हँडल उताराकडे अशी पडली, पायाखाली चिकट माती आहे, आणि त्या दुपारची ही तिसरी वेळ आहे, तेव्हा ती पद्धत अपुरी पडते. एका दिवसाच्या फेरीत हे निभावून जातं. अनेक दिवसांच्या सफरीत थकवा साचत जातो. चौथ्या दिवशी मनगटं दुखत असतात, झोप पुरी झालेली नसते, आणि काल सहज जमलेल्या वळणावर आज पाय टेकायला उशीर होतो. गाडी निवडायची ती या चौथ्या दिवसाच्या माणसासाठी, एकटा असला तरी त्याला ती उचलता यावी अशी.

इथे एक गल्लत दूर करायला हवी. सीसी आणि किलो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुझुकी डीआर६५०एसईचं इंजिन ६४४ सीसीचं आहे, पण गाडी सुमारे १६६ किलोंचीच. सीसीचा आकडा बघून निवड करणाऱ्याला ती आणि अडीचशे किलोंची गाडी एकाच रांगेतल्या वाटतील. त्यामुळे ‘६५०च्या खाली नको’ हा नियम मोठ्या गाड्यांमधली निवड करायलाही उपयोगाचा नाही.

आता सामान. ‘लहान गाडीवर मावत नाही’ असं म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ॲल्युमिनियमचे दोन डबे असतात. ते रिकामे डबे आणि त्यांची फ्रेम मिळूनच दहा किलोंच्या वर जातात, आणि गाडी आडवी झाली की पाय डब्याखाली अडकायची भीती असते. कापडी सॅडल बॅगांना फारशी फ्रेम लागत नाही आणि पायावर आल्याच तर त्या दबतात. तंबू, स्लीपिंग बॅग, एक जादा कपड्यांचा जोड, हत्यारं, पाणी हे सगळं त्यांत बसतं. जे बसत नाही ते बहुतेक वेळा लागतही नाही.

लहान डुअल स्पोर्टचा खरा दोष या सल्ल्यात येतच नाही, तो म्हणजे मऊ स्प्रिंग. कंपनीनं बसवलेला मागचा शॉक ॲब्सॉर्बर बऱ्याचदा हलक्या, बिनसामानाच्या रायडरचा विचार करून लावलेला असतो. सामान लादलं की मागची बाजू बसते, पुढचं चाक हलकं होऊन भरकटतं आणि हेडलाइटचा झोत आभाळाकडे जातो. उपाय ठरलेला आहे. सामान आणि रायडर दोन्ही गाडीवर असताना शॉक त्याच्या एकूण चालीच्या साधारण एक तृतीयांश दबला पाहिजे. प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, वाढवूनही तो त्याहून जास्त दबत असेल, तर स्प्रिंग बदला. जड वस्तू पुढे आणि खाली ठेवा, शेपटीवर नको. तिथलं वजन मागच्या एक्सलच्याही मागे लोंबकळतं आणि सबफ्रेमला, म्हणजे सीटखालच्या मागच्या सांगाड्याला, तडा जायला तेवढं पुरतं. गाडीच्या माहितीपुस्तकात एकूण किती भार चालतो तेही वाचा. त्यातून स्वतःचं, हेल्मेट-बूट-जॅकेटसकट, वजन वजा केलं की सामानाला काय उरतं ते कळतं.

टाकीचं फार काही नाही. सीआरएफ३००एलची टाकी ७.८ लिटरची, लिटरला तीस किलोमीटर धरले तरी सव्वादोनशेच्या पुढे जाते. याच इंजिनाच्या रॅली मॉडेलला १२.८ लिटरची टाकी मिळते. वाटेतल्या दोन पंपांमधलं सगळ्यात मोठं अंतर काढा आणि त्यावर थोडं राखीव धरा. तेवढं पेट्रोल मावत असेल तर प्रश्न मिटला.

‘मोठं इंजिन जास्त टिकतं’ या वाक्यात मोजमापच चुकलंय. इंजिन कशासाठी बांधलंय ते बघायला हवं. यामाहा डब्ल्यूआर२५०आरच्या इंजिनातल्या व्हॉल्व्हची तपासणी सुमारे ४२,००० किलोमीटरवर येते, आणि ती गाडी फक्त २५० सीसीची आहे. उलट होंडा सीआरएफ४५०एल जवळजवळ दुप्पट सीसीची, तिचं ऑइल सुमारे हजार किलोमीटरवर बदलायचं. दहा दिवसांत अडीच हजार किलोमीटर करणार असाल तर वाटेत दोनदा ऑइल बदलावं लागेल. नंबरप्लेट आणि दिवे लावलेल्या एन्ड्युरो गाड्यांची, म्हणजे कच्च्या रस्त्यावरच्या शर्यतीसाठी बांधलेल्या गाड्यांची, देखभाल तर तासांत मोजतात. म्हणून ‘जितकी हलकी तितकी चांगली’ असं म्हणणाऱ्यांच्याही मी बाजूचा नाही. हलकी, पण सावकाश झिजणारी हवी.

देखभालीवरून आठवलं, पंक्चरचं बघून ठेवा. या गाड्यांना बहुधा तारेची चाकं आणि ट्यूब असते, आणि मधला स्टँड नसतो. हलकी गाडी साइड स्टँडवर तिरकी करून, दुसऱ्या बाजूला दगड किंवा काठीचा टेकू देऊन एकट्यानंही चाक काढता येतं. २१ इंची पुढची ट्यूब अडीअडचणीला १८ इंची मागच्या चाकातही चालते, त्यामुळे जागा नसेल तर एकच ट्यूब बरोबर घ्या. टायर रिममधून काढणं आणि बसवणं मात्र निघण्याआधी घरी एकदा स्वतःच्या हातानं करून बघा.

डाकारचा दाखला तर जुना झालाय. १९८१ साली ह्युबेर ऑरिओल यांनी बीएमडब्ल्यूची दोन सिलिंडरची गाडी घेऊन ती रॅली जिंकली आणि मोठ्या गाड्यांचा दबदबा वाढला. पण २०११ पासून तिथे मोटरसायकलींना ४५० सीसीची मर्यादा आहे. ही मर्यादा वेगाला आळा घालायला आणली होती, म्हणून लहान गाडीच्या बाजूनंही तो पुरावा मी वापरणार नाही. मात्र त्या काळातली मोठी गाडी किती मोठी होती ते बघा. १९८० साली बाजारात आलेली बीएमडब्ल्यूची आर ८० जी/एस ७९८ सीसीची होती आणि तिचं वजन १९० किलोंच्याही आत होतं. आजची आर १३०० जीएस पेट्रोलसकट २३७ किलोंची आहे.

लहान गाडीला आणखी एक खरी अडचण येते ती सीटच्या उंचीची, आणि तिच्याबद्दलही हा सल्ला चकार शब्द काढत नाही. सीआरएफ३००एलची सीट ८८० मिलिमीटरवर आहे, सुझुकी डीआर-झेड४००एसची तर ९३५वर. सामान आणि रायडर चढला की गाडी थोडी बसते. बाकीचं काम कंबर एका बाजूला सरकवून एकच पाय टेकण्याच्या सवयीनं होतं. गाडी हलकी असेल तर ती सवय लवकर लागते. तरीही पाय टेकत नसेल, तर दुसरी गाडी बघा, हट्ट करू नका. अरुंद सीटवर दिवसभर बसणंही त्रासाचं असतं, पण सीट बदलता येते. गाडीचे पन्नास-शंभर किलो कमी करता येत नाहीत.

राहता राहिलं ‘वर्षभरात विकून मोठी घ्याल’. काही जण घेतात, त्यांच्या सफरी बदलतात म्हणून घेतात, आणि त्यात वाईट काहीच नाही. पण प्रत्येकाची चाल लहानाकडून मोठ्याकडेच असते हे गृहीत धरायला आधार काय? ब्रिटिश प्रवासलेखिका लोइस प्राइस २००३ साली अलास्काहून निघाल्या आणि दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या तिएरा देल फ्युएगोपर्यंत पोचल्या, तेही यामाहा एक्सटी२२५वर. दोन्ही अमेरिका उभ्या पार केल्यानंतर २००६ साली लंडन ते केपटाउन या आफ्रिकेच्या सफरीसाठी गाडी निवडायची वेळ आली, तेव्हा अनुभवाची कमतरता त्यांच्याकडे नव्हती. त्यांनी यामाहाचीच टीटीआर२५० निवडली.