लिटर म्हणजे किलो नव्हे!

आज कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत एका दुकानात उभी होते. माझ्या पुढं एक आजी. चटणी करायची म्हणून तीन किलो तेल मागितलं. पोरानं एकेक लिटरच्या तीन पिशव्या काढून ठेवल्या. आजी म्हणाल्या, "किलो पायजे बाळा." तर तो म्हणतो, "लिटर काय आन् किलो काय, एकच की ओ आजी!"

एकच? डोकं फिरलं माझं. त्याला म्हटलं, ठेव एक पिशवी काट्यावर. पिशवीचं प्लॅस्टिक धरूनसुद्धा साडेनऊशे भरली नाही. तेल पाण्यापेक्षा हलकं, लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे तीन लिटरात आजींना पाव किलोहून जास्त, चांगलं २७० ग्रॅम तेल कमी जाणार होतं. किलोभर हवं तर १.१ लिटर घ्यावं लागतं. सव्वातीन लिटर घेतलं तरी तीन किलोला थोडं कमीच.

मला एवढा राग का आला ते सांगते. २००९ ची दिवाळी. मंगळवार पेठेत आई चकलीच्या ऑर्डरी घ्यायची. तेल डब्यातून तोलून कढईत घालायची, कारण सगळा हिशोब किलोवर. त्या वर्षी डबा स्वस्त मिळाला म्हणून खूश होती. तो १५ किलोचा नव्हता, १५ लिटरचा होता. आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही. डबा संपला तेव्हा सव्वा किलोच्या वर तेल कमी.

घरात तळायला मदतीला एक मावशी यायच्या. आई त्यांना तोंडावर चोर म्हणाली नाही. फक्त विचारलं, "मावशी, तेल कुठं सांडलं का ओ?" मावशींना कळायचं ते कळलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा येऊन त्यांचा पितळी सोऱ्या घेऊन गेला.

डब्यावर वजनही छापलेलं असतं, कबूल. पण लिटरचा आकडा केवढा आणि ग्रॅम कुठल्या कोपऱ्यात! त्यात तेल तापलं की फुगतं, लिटर भरतो पण त्या लिटरातलं वजन घटतं. सोयाबीन तेलाचा लिटर २१ अंशाला ९१९ ग्रॅम, ६० अंशाला ८९३. म्हणून तर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं कंपन्यांना सांगितलं की लिटरशेजारी तापमान लिहू नका, वजन लिहा. आणि त्याच सुमारास ठरावीक मापाच्याच पिशव्या विकायचं बंधनही निघालं. ८०० ग्रॅमची, ८५० ग्रॅमची पिशवी लिटरच्या पिशवीशेजारी तशीच दिमाखात उभी. भाव बघून उचलायची आणि घरी येऊन कमी का पडलं म्हणून डोकं धरायचं. घाण्यावर जा, तिथं बऱ्याचदा तेल किलोवर मिळतं, कुणाची तक्रार नसते. मग पिशवीवर किलो-ग्रॅम मोठ्या अक्षरात छापायला काय होतंय?

तो पोरगा काही लबाड नव्हता, हे मात्र खरं. त्यालाही कुणी सांगितलं नव्हतं. काटा बघून गप्प झाला, आजींना अजून एक अर्ध्या लिटरची पिशवी काढून दिली. आजींनी गाठोड्यातनं पैसे मोजून दिले.

आमचा घोळ आईला पुढच्या वर्षी कळला, दोन्ही डबे शेजारी ठेवल्यावर. ती त्याच संध्याकाळी मावशींकडं गेली. मावशींनी चहा केला, "असू दे ओ वैनी" म्हणाल्या. पण तळायला काही परत आल्या नाहीत.