थंडी वाजते ती गिअरबॉक्सला

मुंबईत थंडी पडते हे बाहेरगावच्या माणसाला पटत नाही, आणि मुंबईतल्या मिस्त्रीला तर मुळीच नाही. आमच्या दादाचा मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे. बांबू, ताडपत्र्या, गालिचे आणि नवरा-नवरीच्या त्या अवजड खुर्च्या वाहायला एक जुना ट्रक आहे, दिवाळीच्या आसपास सेकंडहँड घेतलेला. जानेवारी लागला आणि पहाटे दुसरा गिअर टाकला की त्यातून असा ‘खर्रर्र’ आवाज यायला लागला की भांडुपमधल्या आमच्या गल्लीला गजर लावायची गरज उरली नाही. मी दादाचे हिशेब बघतो, त्यामुळे तो आवाज मला सरळ रुपयांतच ऐकू येई.

या दुखण्याची खोड अशी, की ते पहाटे साडेपाचला उठायचं आणि मुलुंड चेकनाका येईपर्यंत संपायचं. गॅरेज उघडतं साडेदहाला. तोवर ऊन चढलेलं, ट्रक दोन फेऱ्या मारून तापलेला. मिस्त्रीनं क्लच दाबून एका बोटानं सगळे गिअर टाकून दाखवले. “मक्खन आहे, साहेब. काय झालंय हिला?”

“थंडीत खरखरतो.”

“सिमल्याला असता तर मानलं असतं. मुंबईत कसली थंडी?”

मी पेटलो. जानेवारी 1962 मध्ये सांताक्रूझला 7.4 अंश तापमान नोंदलं गेलं होतं, असं त्याला ठणकावून सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, “तेव्हा हा ट्रक होता का?”

मग मी मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून नेला. त्यानं डोळे मिटून ऐकला आणि निदान केलं, की हा कुत्रा भुंकतोय. कुत्रा होताच, पण तो ट्रकच्या आवाजाला घाबरून भुंकत होता. “मग पहाटे सहाला येऊन बघा,” म्हटलं, तर म्हणे, “सहाला माझी पापणी उठत नाही, शटर कुठून उठणार?”

सल्ल्यांना मात्र वेळकाळ नव्हता. सोसायटीच्या चेअरमनसाहेबांच्या मते चूक ड्रायव्हरची. पानवाल्याच्या मते क्लचप्लेट गेली. समोरच्या नानांनी लिंबू-मिरची बदलून पाहायला सांगितलं. सर्वांत स्वस्त म्हणून दादानं तो उपाय ताबडतोब केला. मिस्त्रीनं न ऐकलेल्या आवाजाचा निकालही देऊन टाकला: “गिअरचा वेग जुळवणाऱ्या पितळी रिंगा गेल्या असतील. गिअरबॉक्स उतरवावा लागेल.” म्हणजे ट्रक गॅरेजमध्ये उभा, आणि माघी गणपती तोंडावर. दादानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू त्या रिंगा मीच गहाण टाकल्यात.

खरा तपास केला तो आमच्या ड्रायव्हरमामांनी. मामा सतरा अंशांतही कानटोपी घालतात, त्यामुळे ट्रकच्या तक्रारीकडे ते सहानुभूतीनं बघत होते. त्यांनी आधी इंजिन बंद ठेवून गिअर टाकले. जरा जड, पण बिनआवाज. मग इंजिन चालू करून क्लच पूर्ण दाबला, तीन-चार सेकंद थांबले आणि रिव्हर्स टाकला. आमच्या रिव्हर्सला रिंगच नाही, त्यामुळे क्लच नीट सुटत नसता तर तिथं बोंब झालीच असती. रिव्हर्स निमूट गेला. क्लच निर्दोष सुटला. पुढं चालताना मामांनी डबल क्लच मारून, म्हणजे मध्ये न्यूट्रलवर क्लच एकदा सोडून पुन्हा दाबून, दुसरा टाकला, तोही गुपचूप पडला. “रिंगेला गाडीचा वेग जुळवायला जमत नाहीये,” मामा म्हणाले. “आपण जुळवून दिला की बिचारी गप्प.”

ती पितळी रिंग गिअरच्या निमुळत्या भागावर घासते, दोघांचा वेग सारखा करते आणि मगच दाते दात्यांत बसतात. घासण्यासाठी तिला मधलं तेल बाजूला सारावं लागतं. तेल घट्ट असलं की ती नुसती घसरते, आणि दात्यांची गाठ पडते ती भांडणासाठीच. इंजिन थोडा वेळ चालू ठेवून तेल हलवून घ्यावं, हा उपाय मामांना ठाऊक होता, पण पहिल्या मजल्यावर धूर गेला आणि चेअरमनसाहेब बनियनवर खाली आले.

शेवटी मिस्त्रीला देवानं उठवलं. संकष्टीला त्याला टिटवाळ्याला जायचं होतं आणि आमचे बांबू कल्याणला चालले होते. फुकट जागा म्हटल्यावर पावणेसहाला टिळा लावून हजर. मामांनी दुसरा टाकला. खर्रर्र! मिस्त्रीनं चमकून पाठीमागं पाहिलं, कुणी ठोकलं म्हणून.

कल्याणला बांबू उतरेपर्यंत त्यानं ट्रकखाली शिरून गिअरबॉक्सचा बोल्ट सैल केला. बोटाला जे लागलं ते काकवीसारखं खाली यायलाच तयार नव्हतं. “एकशेचाळीस नंबर!” तो ओरडला. नंबर मोठा तितकं तेल घट्ट. ट्रकच्या पुस्तकात लिहिलेलं 80डब्ल्यू-90, जीएल-4 (जीएल म्हणजे तेलातल्या रसायनांचा दर्जा). ते उणे 26 अंशांपर्यंत किती घट्ट चालेल याची मर्यादा ठरलेली असते. त्याला आमची थंडी म्हणजे उन्हाळाच. या घट्ट तेलाला मात्र भांडुपची पहाटही सोसेना. नॅशनल पार्कच्या डोंगराखाली ट्रक उभा करायचा. तिकडे कुलाब्यात तेव्हा पंखे चालू असतात. वर झिजलेल्या रिंगा.

तेलाच्या दुकानात नवीनच नाटक. दुकानदार जीएल-5 पुढं करत म्हणाला, “हे त्याच्यापेक्षा भारी.” ते भारी असतं डिफरन्शियलला, म्हणजे चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीला. त्यातली गंधकाची रसायनं पितळेला मानवतीलच असं नाही, शिवाय रिंगेला घासायला जे लागतं तेच ते कमी करतं. पाच मोठं की चार, हा वाद मिटवून आम्ही चारच आणलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे गिअर असा पडला की गल्लीतल्या दोघांना कामाला उशीर झाला.

आणि दुपारी ट्रक तापल्यावर चौथ्या गिअरला ‘ऊंऽऽऽ’ सुरू झालं. मामांनी कानटोपी काढून ऐकलं. बेरिंग. विकणाऱ्यानं ते जाड तेल हा आवाज दाबायलाच ओतलं होतं, हे आता कळलं. मी मिस्त्रीला फोन केला: आवाज दुपारी एक ते तीनमध्येच येतो, येऊन ऐका.

“एक ते तीन माझं जेवण आणि झोप,” तो म्हणाला. “पहाटे सहाला आणा ना, मी जागाच असतो.”